पट्टा विसरावा, दोरी ऐकावी

दोन महिन्यांच्या पिल्लाच्या गळ्यात पहिल्यांदा पट्टा बांधा आणि बघत राहा. ते दोन पावलं टाकतं, थबकतं, बूड टेकतं आणि मागचा पाय उचलून मान खाजवायला लागतं. खाजवता खाजवता तोल जातो, लोळतं, उठतं, पुन्हा खाजवतं. घरातलं कुणीतरी कळवळून म्हणतं, "अगं, टोचतंय त्याला, काढ तो." पट्टा निघतो, पिल्लू अंग झटकतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खेळ.

बहुतेक वेळा पट्टा टोचत नसतो. पिल्लाच्या कातडीला एक बातमी लागलेली असते, आणि ती खरी की खोटी हे ठरायच्या आतच पाय कामाला लागलेला असतो. हा पाय कुणाच्या हुकमाने हलतो, याचा छडा लावण्यात चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने कित्येक वर्षं घालवली. मज्जारज्जूचा मेंदूशी असलेला संबंध तोडलेल्या कुत्र्यांच्या पाठीवर तो एका बारीक सुईतून विजेचा अगदी हलका झटका देई. त्या सुईला तो 'विजेची पिसू' म्हणे. झटका बसला की मागचा पाय उचलला जाई आणि सेकंदाला चार-पाच वेळा, ठेक्यात, हवेत खाजवत राही. मेंदूचा काही संबंध उरलेला नसतानाही! खाजवण्याचा ताल मज्जारज्जूतच होता. आज ते प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. पण १९०६ साली शेरिंग्टनने हे सारं पुस्तकात मांडलं तेव्हा एक गोष्ट पक्की झाली होती. कातडीवर काही वळवळलं तर ते झटकून टाकायला कुत्र्याला विचार करावा लागत नाही.

कुत्र्याच्या केसांच्या मुळांभोवती चेतातंतूंची टोकं गुंडाळलेली असतात. केस जरासा वाकला तरी निरोप निघतो. गोचीड, पिसू, माशी असल्या पाहुण्यांचा पत्ता लावण्यासाठी ही व्यवस्था हजारो पिढ्या तयार होत आली. तिला नायलॉनचा पट्टा ठाऊक नाही. गळ्याभोवतीचे शेकडो केस एकदम दाबले गेले, हलले, पुन्हा दाबले गेले, एवढंच तिला कळतं आणि ती ओरडते. म्हणून पिल्लू बसतं आणि खाजवतं.

खरं आश्चर्य मात्र पुढचं आहे. पिल्लाला तसंच राहू दिलं, त्याच्याशी थोडं खेळलं, तर थोड्या वेळाने खाजवणं थांबतं. पट्टा तिथेच आहे, केस तसेच दाबलेले आहेत, मग ओरडणं थांबवलं कुणी?

केंब्रिजमध्ये १९२६ साली एडगर एड्रियन आणि स्वीडनहून आलेला इंग्वे झोटरमन यांनी एकेकट्या चेतातंतूतून जाणारे निरोप पहिल्यांदा स्पष्ट टिपले. रेडिओत वापरत तशा निर्वात नळ्यांनी ते क्षीण विद्युतस्पंद मोठे करून बघता येऊ लागले होते. दिसलं ते असं, की प्रत्येक स्पंद सारख्याच आकाराचा असतो. जोराचा दाब म्हणजे मोठा स्पंद नव्हे, तर दाट स्पंद. आणि दाब तसाच ठेवला की स्पंद विरळ होत जातात. बाहेर काहीही बदललेलं नसतं, तरी तंतू हळूहळू बोलायचा कमी होतो. कातडीतले काही संवेदक तर फक्त बदलाची वर्दी देतात. दाब पडला तेव्हा एकदा, उठला तेव्हा एकदा, मधे शांतता. हातातलं घड्याळ सकाळी बांधताना जाणवतं आणि दुपारी आहे की नाही तेही आठवत नाही, ते याच कारणाने. १९३२ चं नोबेल पारितोषिक शेरिंग्टन आणि एड्रियन यांना विभागून मिळालं. कातडीची तक्रार पायापर्यंत कशी पोचते ते एकाने दाखवलं होतं आणि तीच तक्रार आपोआप कशी मंदावते ते दुसऱ्याने मोजलं होतं. पिल्लाच्या पहिल्या पट्ट्याची निम्मी गोष्ट या दोघांच्या कामात आली.

उरलेली गोष्ट चेतातंतूंच्या पलीकडची, सवयीची. तीच ती बिनधोक गोष्ट पुन्हा पुन्हा आली की प्राणी तिच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. रिचर्ड थॉम्प्सन आणि विल्यम स्पेन्सर यांनी १९६६ साली या दुर्लक्षाचे नियम एकत्र मांडले. पिल्लू पाळणाऱ्या प्रत्येकाने त्यातले तीन तरी मनात ठेवावेत असं मला वाटतं. संवेदना जितकी हलकी, तितकी तिची सवय लवकर होते. फार तीव्र असेल तर होतही नाही. मधे खंड पडला की जुनी प्रतिक्रिया काही अंशी परत येते. आणि तरीही, खंडानंतरच्या प्रत्येक वेळी सवय आधीपेक्षा लवकर लागते.

म्हणजे पहिला पट्टा हलका, चपटा, मऊ कापडाचा किंवा पातळ नायलॉनचा हवा. रुंद चामड्याचा, पितळी ठोकळ्यांचा, 'मोठा झाल्यावरही चालेल' म्हणून आणलेला पट्टा पिल्लाच्या गळ्यात घालू नये. पट्टा आणि मान यांच्यात आपली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. सैल पट्टा दयाळूपणाचा वाटतो, पण तो सारखा हलतो, आणि हललं की तंतू पुन्हा बोलतात. शिवाय खालचा जबडा किंवा पुढचा पंजा त्यात अडकू शकतो. पहिल्या दिवशी काही मिनिटं पुरेत, मग काढावा, संध्याकाळी पुन्हा घालावा. दुसऱ्या दिवशी पिल्लू पुन्हा खाजवायला लागलं तर मन खट्टू करून घेऊ नये. ती प्रतिक्रिया परत येणारच होती, आणि कालच्यापेक्षा लवकर जाणारही आहे.

आपल्याकडे हौसेने पट्ट्याला घुंगरू बांधतात. दिसतं छान. पण कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात आणि घुंगरू त्याच्या कानापासून चार बोटांवर असतो. प्रत्येक पावलाला नवा आवाज, म्हणजे प्रत्येक पावलाला नवी बातमी. जी गोष्ट विसरली जावी अशी आपली इच्छा आहे, तिलाच आपण दर क्षणी नाव घेऊन हाक मारत राहतो. पिल्लू रुळेपर्यंत तरी घुंगरू नको.

आणि ते सुरुवातीचं 'काढ तो'? तिथे फार मोठी गोष्ट घडते. पिल्लू जोरात खाजवत असताना, किंचाळत असताना पट्टा निघाला, तर त्याला कळतं की किंचाळल्यावर पट्टा निघतो. पुढच्या वेळी ते आधीपासूनच किंचाळेल. म्हणून पट्टा काढायचा तो ते विसरलेलं असताना, चेंडूमागे धावून दमल्यावर, वाटी चाटूनपुसून झाल्यावर. खरोखर रुतत असेल, कातडी लाल झाली असेल, तर मात्र लगेच काढावा. तिथे शिकवणुकीचा प्रश्नच येत नाही.

वाटीचा उल्लेख मुद्दाम केला. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव म्हटलं की लोकांना घंटा आणि लाळ आठवते. मला आठवतो तो त्याच्या प्रयोगशाळेतला एक कुत्रा, ज्याला बांधलेलं सहन होत नव्हतं. सेंट पीटर्सबर्गमध्ये प्रयोगासाठी कुत्र्यांना एका चौकटीत सैल पट्ट्यांनी उभं करत. हा कुत्रा एरवी शांत आणि माणसाळलेला. पण चौकटीत उभा केला की अस्वस्थ होई, धडपडे, त्याची लाळ अखंड गळत राही. बरेच दिवस कुणाला उलगडा होईना. शेवटी पाव्हलॉवने निष्कर्ष काढला की याला काही झालेलं नाही, याला फक्त बंधन नको आहे. आणि त्या प्रतिक्रियेला त्याने नाव दिलं स्वातंत्र्याची प्रतिक्षिप्त क्रिया. मग त्याचं सगळं खाणं चौकटीत उभं असतानाच द्यायचं असं ठरलं. आधी तो जेमतेम खाई, वजनही उतरलं. हळूहळू पूर्ण जेवू लागला आणि त्याबरोबरच शांत होत गेला. पट्टे तेच होते. त्यांच्यामागून जे येत होतं ते बदललं होतं.

पिल्लाला उपाशी ठेवून असलं काही करायची गरज नाही. पण क्रम तोच धरावा. आधी पट्टा, मग जेवण. आधी पट्टा, मग खेळ. जेवण वाढून झाल्यावर घाईघाईने पट्टा अडकवला तर क्रम उलटा होतो आणि पट्टा म्हणजे जेवणातला अडथळा ठरतो. काही आठवड्यांनी खुंटीवरच्या दोरीची कडी नुसती किणकिणली तरी पिल्लू दाराशी नाचायला लागेल. एका धातूच्या तुकड्याच्या आवाजात सगळं बाहेरचं जग भरलेलं असतं तेव्हा.

आता वयाचा मुद्दा. पिल्लाचे डोळे उघडतात साधारण दुसऱ्या आठवड्यात, कान त्यानंतर. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा जग ओळखीचं करून घेण्याचा. हे कळलं ते अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे जॅक्सन प्रयोगशाळेत झालेल्या कामातून. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिथल्या संशोधकांनी उंच कुंपणाच्या आवारात, माणसाचा स्पर्शही होऊ न देता पिल्लं वाढवली. त्यातली काही वेगवेगळ्या वयाला आठवडाभर माणसांत आणून परत सोडली. ज्यांना चौदा आठवडे माणूस भेटलाच नाही, ती जवळजवळ रानटी प्राण्यांसारखी वागू लागली. दार काही आठवडेच उघडं असतं, आणि त्या काळात जे जे आत येतं ते घरचं होतं. पट्टा, दोरी, कडीचा आवाज, गळ्याजवळ येणारा हात, हे सगळं त्याच काळात आत यायला हवं.

याच प्रयोगशाळेतल्या जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांचा कुत्र्यांवरचा मोठा ग्रंथ १९६५ साली आला. पाच जातींची पिल्लं सारख्याच पद्धतीने वाढवून त्यांनी तपासली होती, आणि त्या तपासण्यांत दोरीने चालवून बघण्याची एक होती! बसेंजी पिल्लं दोरीशी भांडत. बीगल भुंकून आकाशपाताळ एक करत. शेटलंड मेंढीकुत्र्यांची पिल्लं चालवणाऱ्याच्या पायात पायात येत. वाढवणारे तेच, दोरी तीच, आणि तक्रार करण्याची तऱ्हा मात्र ज्याची त्याची जन्मजात. आपलं पिल्लू दोरी बांधल्यावर नेमकं काय करतं ते हाताला ओढ लागण्याआधी एकदा स्वस्थपणे बघावं. त्याच्या पणज्यांचा स्वभाव तिथे दिसतो.

दोरीपाशी आलो, आणि इथे सगळा हिशेब उलटा होतो. पट्टा विसरला जावा म्हणून आपण इतका वेळ धडपडलो. दोरी मात्र कधीही विसरली जाता कामा नये.

एड्रियनने मोजलं होतं ते पुन्हा आठवा. दाब कायम राहिला की तंतू गप्प होतो. हा नियम आपल्या सोयीचा असो वा नसो, लागू होतोच. ज्या कुत्र्याची दोरी फिरण्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत ताणलेली असते, त्याला काही मिनिटांत तो ताण जाणवेनासा होतो. त्याच्यासाठी गळ्यावरची ओढ ही हवेसारखी, नेहमीचीच. मग मालक अधिक जोराने ओढतो, कुत्रा त्याचीही सवय करून घेतो. रस्त्यावर असे कितीतरी दिसतात. कुत्रा पुढे वाकलेला, माणूस मागे वाकलेला, आणि मधली दोरी काहीच सांगत नसलेली. लांबी आपोआप कमी-जास्त होणाऱ्या गुंडाळीच्या दोऱ्या मला पिल्लासाठी याच कारणाने पसंत नाहीत. आतल्या स्प्रिंगमुळे त्या सतत थोडा ताण ठेवतात, आणि ताण दिला की दोरी मिळते असं पिल्लू शिकतं.

सैल दोरीचं मोल वेगळंच आहे. ती लोंबकळत असते तोवर गळ्यावर काही नसतं. मग जरासा ताण आला तर ती बातमी असते. पिल्लू कान टवकारतं.

पण पिल्लाला ओढलं तर ते जवळ यायच्याऐवजी मागे का रेटतं? लोक याला हट्ट म्हणतात. १९२४ साली शेरिंग्टनने लिडेल या सहकाऱ्याबरोबर दाखवलं की स्नायू बाहेरून ताणला गेला की तो आपणहून आकसून त्या ताणाला विरोध करतो. चार पायांवर उभं राहणं यामुळेच शक्य होतं. नाहीतर प्रत्येक धक्क्याला प्राणी कोसळला असता. पिल्लाला पुढे खेचलं की तोल सावरण्यासाठी त्याचं सगळं अंग मागे रेटा देतं. ते आपल्याला नकार देत नसतं, फक्त उभं राहत असतं. पडू नये म्हणून पाय रोवणाऱ्या जिवाला हट्टी म्हणून आणखी ओढणं मला बघवत नाही.

म्हणून दोरीची ओळख ओढीशिवाय करून द्यावी. पट्टा अंगवळणी पडला की त्याला चार-पाच फुटांची अगदी हलकी दोरी अडकवून घरातच सोडावी. पिल्लू ती फरफटत फिरेल, तोंडात धरेल, तिच्यावरच पाय देऊन गोंधळेल. स्वतःच्याच पायाखाली दोरी आली की गळ्याला किंचित ओढ बसते आणि पाय उचलला की ती जाते. हा पहिला धडा ते आपलं आपण शिकतं. या वेळी समोर बसून राहायचं. खुर्चीच्या पायात, दाराच्या फटीत दोरी अडकली तर एका झटक्यात सगळी मेहनत वाया जाते, आणि पिल्लू एकटं असताना दोरी अंगावर ठेवणं तर धोक्याचंच. मग कधीतरी दोरीचं टोक हातात घ्यावं आणि पिल्लू जाईल तिकडे आपणच जावं. त्यानंतर थांबावं. दोरी हलकी ताणली जाईल. आपण ओढायचं नाही, सैलही सोडायची नाही. पिल्लू वळून पाहील, अर्धं पाऊल आपल्याकडे टाकेल. त्याच क्षणी दोरी सैल, शाबासकी, आणि उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा. शिकवण त्या सैल होण्यात असते. ताण कसा जातो हे पिल्लाला कळलं की ताण त्याला भिववत नाही.

घरातल्या सगळ्यांनी हे पाळायला हवं, आणि मला वाटतं सगळ्यात अवघड भाग हाच. ताईने ओढ लागली की थांबायचं आणि आजोबांनी 'जाऊ दे गं, खांबापर्यंतच तर जायचंय त्याला' म्हणून मागे जायचं, असं चाललं तर ओढण्याचं फळ कधी मिळतं, कधी नाही. अधूनमधून फळणारी सवय ही नेहमी फळणाऱ्या सवयीपेक्षा चिवट असते, हे वर्तनशास्त्रात पक्कं ठाऊक आहे. आजोबांना हे समजावून सांगावं, प्रेमानेच सांगावं.

गळा ही काही नुसती पट्टा अडकवायची जागा नव्हे. त्यात श्वासनलिका आहे, थायरॉइड ग्रंथी आहे, डोक्याकडून येणाऱ्या मोठ्या नसा आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पट्ट्याने ओढ घेणाऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब वाढलेला आढळला. छातीभोवतीच्या हार्नेसने तितकीच ओढ घेतली तेव्हा तसा वाढला नाही. पगसारख्या बसक्या नाकाच्या, मोठ्या डोळ्यांच्या जातींना फिरायला हार्नेसच बरा. पट्टा फक्त नाव लिहिलेल्या बिल्ल्यासाठी गळ्यात राहू द्यावा. आपल्याकडच्या मुधोळ हाउंडची गोष्ट आणखी निराळी. कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेला हा कुत्रा दक्षिण महाराष्ट्रातही शिकारीसाठी आणि राखणीसाठी पाळला जातो. त्याला कारवान म्हणूनही ओळखतात. त्याचं डोकं इतकं निमुळतं आणि मान इतकी लांब असते की साधा पट्टा मागे रेटा दिला की कानांवरून सटकतो. त्याच्यासाठी रुंद, ओढ बसली की थोडाच आवळणारा आणि एका मर्यादेपुढे मुळीच न आवळणारा पट्टा मिळतो, तो घ्यावा.

ही दोरी माणसाने धरली कधी? सौदी अरेबियाच्या वायव्य भागात शुवैमिस आणि जुब्बा इथल्या कातळांवर शिकारीची चित्रं कोरलेली आहेत. ती ८,००० वर्षांपूर्वीची किंवा त्याहून जुनी असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ताठ कानांचे, शेपट्या वळवलेले कुत्रे शिकाऱ्याभोवती आहेत, आणि त्यातल्या काहींच्या गळ्यापासून शिकाऱ्याच्या कमरेपर्यंत एक रेषा गेलेली आहे. हात धनुष्यासाठी मोकळे. २०१७ साली ही चित्रं सविस्तर प्रसिद्ध झाली तेव्हा मी त्या रेषेकडे फार वेळ बघत होतो. घोळक्यातले बाकीचे कुत्रे मोकळे आहेत. बांधलेले ते नवखे असतील का? अजून शिकत असलेले, आणि म्हणून कमरेशी? इजिप्तमध्ये राजांच्या दरीत १८९९ साली सापडलेल्या मैहेरप्री या सरदाराच्या थडग्यात कुत्र्यांचे दोन चामडी पट्टे मिळाले, त्यातल्या एकावर कुत्रीचं नाव लिहिलेलं आहे. तिलाही कधीतरी तो पट्टा पहिल्यांदा घातला असणार, आणि तीही खाजवत बसली असणार.

शहरात पिल्लू पाळणाऱ्यांपुढे एक खरा पेच असतो. ओळखीचं दार बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत मिटत येतं, आणि लसींचे सगळे डोस त्यानंतरच पुरे होतात. रेबीजची लस तर साधारण तीन महिने पूर्ण झाल्यावर. पार्व्हो या कुत्र्यांच्या रोगाचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे लसीआधी पिल्लाला रस्त्यावर सोडणं धोक्याचं. वाट मधून काढावी लागते. गळ्यात पट्टा, पट्ट्याला दोरी, आणि पिल्लू कडेवर. जिन्यातली वर्दळ, लिफ्टची घरघर, रिक्षाचा हॉर्न, भाजीवाल्याची आरोळी, सगळं वरून दाखवावं. गच्चीवर, घरात, ओळखीच्या स्वच्छ अंगणात दोरीचे धडे चालू ठेवावेत. पहिल्यांदा खाली कधी उतरवायचं ते पशुवैद्यांना विचारून ठरवावं.

आणि उतरवल्यावर ते फाटकापाशीच बसकण मारेल, ही शक्यता धरूनच जावं. घरात छान चालणारं पिल्लू बाहेर दगड होतं, कारण दोरी जुनी असली तरी बाकी सगळं जग नवं आहे. उचलून पुढे न्यायचं नाही, ओढायचंही नाही. दोरी सैल ठेवून शेजारी बसावं. त्याचं नाक आधी चालू लागेल, मग पाय. पहिल्या फेरीत विजेच्या खांबापर्यंत पोचलात तरी पुष्कळ झालं. त्या खांबाशी गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांचे निरोप आहेत, ते त्याला वाचू द्यावेत.

एवढं सगळं जमलं की उरते ती एक काळजी, आणि तीही त्याच चेतातंतूंच्या मौनातून आलेली. पट्टा आता पूर्ण विसरला गेलेला आहे. पिल्लू मात्र वाढतंय. मान रोज केसभर जाड होते, पट्टा रोज केसभर आवळतो, आणि इतक्या हळू होणाऱ्या बदलाची वर्दी कातडी नीट देत नाही. पिल्लू तक्रार करणार नाही. दुर्लक्ष झालेल्या कुत्र्यांच्या मानेत पट्टे रुतून जखमा झालेल्या पशुवैद्यांना बघाव्या लागतात. म्हणून दर आठवड्याला ती दोन बोटं सरकवून बघावीत. मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर चौथ्या-पाचव्या महिन्यात दर तीन-चार दिवसांनी. आंघोळीच्या वेळी पट्टा काढावा, खालचे केस पूर्ण वाळू द्यावेत, आणि मगच पुढच्या भोकात बकल लावावं.